पुढच्या वर्षीची

क्लिंगरच्या दुकानात पुढे खिळे, रंगाचे डबे आणि बर्फ ओढायची फावडी मिळतात, मागे रायफली मिळतात, आणि या दोहोंच्या मधे, कॉफीच्या यंत्रापाशी, जगात कुठेच मिळत नाहीत अशा रायफली मिळतात. या तिसऱ्या मालाचा धंदा सकाळी दुकान उघडल्याबरोबर सुरू होतो. विकणारे तेच आणि गिऱ्हाईकंही तीच.

सुरुवात बहुतेक व्हर्ल रीडी करायचा. त्याने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती, त्यामुळे गोंगाटावर आवाज चढवून बोलायची त्याला सवय. त्याला हवी होती खालचं कडं ओढून भरायची जुन्या घाटाची रायफल, पण हल्ली कंपन्या तिच्या अंगात जे सुरक्षेचं बटण ठोकून देतात, ते नसलेली.

"माझ्या आजोबांच्या रायफलीला असलं बटण नव्हतं," तो म्हणायचा. "तरी मरेपर्यंत दहाही बोटं शाबूत होती त्यांची."

"नऊ," लॅमार फाउस्ट म्हणायचा.

"ते एक लाकडाच्या गिरणीत गेलं. ते बंदुकीच्या माथी नको मारूस."

लॅमार दुधाचा टँकर चालवायचा आणि पहाटेची फेरी संपवून इथे यायचा. त्याला अक्रोडाच्या लाकडाची, सडपातळ, दुर्बीण बसवण्यासाठी एकही भोक न पाडलेली रायफल हवी होती. "कोऱ्या लोखंडाला भोकं पाडायची म्हणजे लग्नाआधीच घटस्फोटाचे कागद करून ठेवायचे," असं त्याचं मत. तिसरा ग्लेन मोयर, गावचा दातांचा डॉक्टर. त्याला दोन तुकडे करून पेटीत घालता येईल अशी हवी होती.

"ग्लेन, दात उपटून उपटून तुला सगळंच सुटं करायची खोड लागलीय," व्हर्ल म्हणायचा.

काउंटरमागे आर्डिथ क्लिंगर लोकांच्या चाव्या घासून देत असायची. ती यात फारशी बोलायची नाही. नवरा हार्लन होता तेव्हा बोलायचं काम त्याच्याकडे होतं. तो बंदुका दुरुस्त करायचा, लोकांच्या खांद्याला बसतील असे दस्ते घडवायचा आणि दिवसभर वाद घालायचा. तो गेल्यावर मागचं वर्कशॉप तिने चालू ठेवलं. वाद मात्र या तिघांनी वाटून घेतला.

पण तिलाही एक रायफल हवी होती, हे तिघांना ठाऊक होतं.

आर्डिथ डावखुरी. उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात पोरीबाळींनाही शिकार शिकवतात, पण शिकवायला हातात देतात ती घरातली रायफल, आणि घरातली रायफल उजव्यांची असते. गोळी झाडल्यावर रिकामं काडतूस बाहेर काढायला जी मूठ मागे ओढायची, ती उजव्या अंगाला. डावखुऱ्या माणसाने चापावरचा हात काढून रायफलीच्या पाठीवरून पलीकडे न्यायचा, मूठ उचलायची, ओढायची, परत ढकलायची, आणि तोच हात तसाच उलटा आणायचा. लहानपणी बापाने तिला हे दाखवलं तेव्हा म्हणाला होता, "कुंपणावरून हात घालून शेजाऱ्याचं सफरचंद तोडतेस असं समज." ती ते इतकं सफाईने करायला लागली, की पाहणाऱ्याला वाटावं रायफलीची रीतच ही.

हॅल्डिन कंपनीची एक छोटी, हलकी रायफल पूर्वी मिळायची. हार्लन म्हणायचा, तिच्याइतकी नीट रायफल त्या कारखान्यातून पुन्हा निघाली नाही. कंपनीने ती बंद केली, आणि डाव्या हाताची तर कधी काढलीच नाही. दरवर्षी कंपनीचा विक्रेता आला, की हार्लन त्याला विचारायचा, "आमची छोटी कधी?" विक्रेता म्हणायचा, "बहुतेक पुढच्या वर्षी." विक्रेते बदलले, उत्तर बदललं नाही. मग दुकानात त्या रायफलीचं नावच पडलं, 'पुढच्या वर्षीची'. प्रत्येकाची स्वतःची आवड काहीही असो, हिच्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. "पुढच्या वर्षीची निघाली तर मी दोन घेईन," व्हर्ल म्हणायचा. "एक वापरायला आणि एक नुसती बघायला."

गेल्या हंगामात आर्डिथचं मनगट गेलं. गेलं म्हणजे एका दिवसात नाही. अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुजत होताच. पण त्या शनिवारी, हंगामाच्या पहिल्या सकाळी, बीचच्या झाडाखाली बसलेली असताना तिने पहिली गोळी झाडली, हात पाठीवरून पलीकडे नेला, आणि मूठ उचलेना. मनगटातून कळ अशी आली की डोळ्यांपुढे हरीण, झाड, बर्फ सगळं एकदम पांढरं झालं.

त्या संध्याकाळी डोंगरातल्या त्यांच्या सामाईक शिकारखोपटात लॅमार शेगडीत लाकडं सारत सहज बोलल्यासारखा बोलला, "आर्डी, पुढच्या खेपेला तू इथेच बस की उबेला. जेवणाचं बघ. त्या बीचखाली कोणीतरी बसेल."

"कोणीतरी म्हणजे कोण?"

"कोणीही. मी म्हण, हवं तर."

खोपटाचा नियम असा, की पहिल्या सकाळी जो आपल्या जागेवर बसला नाही, त्याची जागा दुसऱ्याने मागितली तर द्यावी लागते. बीचची जागा आर्डिथच्या बापाची होती. झाडाच्या बुंध्यावर त्याच्या पाठीने घासून गुळगुळीत झालेला एक पट्टा आहे. त्या पट्ट्याला पाठ लावून बसलं की खालची ओढ्याची वाट पूर्ण दिसते. लॅमार वाईट माणूस नाही. पण चांगल्या जागेवर त्याचा डोळा असतो, आणि तसं तो लपवतही नाही.

या वर्षी, पानं गळायला लागली तेव्हा, हॅल्डिनचा नवा विक्रेता कर्टिस एक लांब पेटी घेऊन आला. तरुण, नीट दाढी राखलेला, बोलण्यात सारखं 'मॅडम'.

"मिसेस क्लिंगर, जरा बघता का, मॅडम?"

पेटीत पुढच्या वर्षीची होती. अक्रोडाचा दस्ता, सडपातळ नळी, नेम धरायची लोखंडी माशी. आणि मूठ डाव्या अंगाला.

व्हर्लने टोपी काढली. लॅमारने कॉफीचा कप इतक्या जपून खाली ठेवला, की जणू झोपलेलं मूल शेजारी आहे. ग्लेन म्हणाला, "देवा रे," आणि चष्मा पुसला.

कर्टिसने सांगितलं ते असं: कारखान्याने अशा मोजक्याच करून पाहिल्या होत्या, उजव्या आणि डाव्याही. खरोखर काढायच्या तर यंत्रं पुन्हा लावावी लागणार, आणि साहेब म्हणाले, ज्या दुकानांतून सगळ्यात जास्त विचारणा होते तिथून पक्की मागणी आणा. इथून डझनभर नावं विसारासकट मिळाली तर त्यांचा विश्वास बसेल. तोवर हा नमुना दुकानात राहू दे. हंगामात वापरून बघा. हंगाम झाला की तो परत न्यायचा. "फक्त ओरखडा पडू देऊ नका, मॅडम. नमुना आहे."

"डझन?" व्हर्ल हसला. "अरे बाळा, डझन तर या काउंटरवरच उभे आहेत."

तो गेल्यावर आर्डिथने रायफल हातात घेतली. डावा हात चापावरून उठला आणि मूठ तिथेच, त्याच्या वाटेत सापडली. ओढली, ढकलली. मनगट वळलंच नाही. तिने पुन्हा केलं. मग पाठमोरी होऊन, कोणाला दिसणार नाही अशी, आणखी एकदा केलं.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली.

व्हर्ल रायफल उचलून, फिरवून, वास घेऊन म्हणाला, "आहे छान. पण खालून कडं ओढायची असती तर बात होती."

"तू पुढच्या वर्षीची म्हणत होतास. ती हीच."

"हीच गं. पण माझ्या मनातली ती ही नव्हे ना."

लॅमारला दुर्बिणीची भोकं दिसली. चार बारीक भोकं, वर स्क्रू लावून बुजवलेली. त्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कोणी त्याच्या टँकरला भोकं पाडली आहेत. ग्लेनला ती सुटी होत नाही हे पहिल्या मिनिटाला कळलं होतं, पण त्याने सभ्यपणाने तीन दिवस लावले सांगायला. मग गावातले बाकीचे आले. एकाला दस्ता जास्त काळपट वाटला. एकाला आपल्या चुलत्याकडे असलेल्या जुन्या काडतुसाच्या मापातच हवी होती. ते काडतूस आता कोणी बनवतही नाही. एक म्हणाला, "पहिल्या वर्षीच्या मालात नेहमी काहीतरी खोट निघते. मी दुसऱ्या वर्षी घेईन."

"लोकांनी पहिल्या वर्षी घेतलीच नाही तर दुसरं वर्ष येईल कुठून?" आर्डिथने विचारलं.

"ते खरं," तो म्हणाला, आणि एक डबा रंग घेऊन गेला.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी तिघं पुन्हा कॉफीपाशी जमले होते. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. व्हर्लने टोपीवरचे कण झटकले आणि अगदी मनापासून म्हणाला, "आता बघा, हॅल्डिनने जर ही अशीच, पण खालच्या कड्याची काढली ना..."

आर्डिथने चाव्यांचं यंत्र बंद केलं. भिंतीवरची कात्री काढली. ही कात्री काय कामाची, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. हरणावरचा नेम चुकला की संध्याकाळी त्या माणसाच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचं. दुकानाच्या मागच्या भिंतीवर अशी कित्येक शेपटं आहेत. चौकटीची, पट्ट्यांची, कित्येक विटून एकसारखी करडी झालेली. हार्लनची चार आहेत.

"व्हर्ल, उठ."

"का?"

"वीस वर्षं म्हणत होतास, समोर आली तर सोडणार नाही. समोर आली. पाऊलभरावर, आडवी, उजेडात उभी राहिली. आणि तू सोडलीस. शर्ट बाहेर काढ."

"आर्डी, हे हरीण नाही!"

"नसू दे. शेपूट घातलंस ना? मग आता ते भिंतीवर दिसू दे."

ग्लेन इतका हसला की त्याच्या हातातली कॉफी सांडली, आणि म्हणून त्याचा नंबर दुसरा लागला. लॅमार आपला शर्ट नवा आहे, बायकोने वाढदिवसाला घेतलाय, असं सांगत राहिला. "मग तिला सांग कोणी कापला आणि का," आर्डिथ म्हणाली. "ती मला केक करून पाठवेल." तिची कापायची रेघ वाकडी गेली, कात्रीही उजव्यांची.

तिघं शर्टाची भोकं पँटमध्ये खोचत, एकमेकांना टपल्या मारत गेले. मागणीच्या यादीसाठी नाव मात्र कोणीच दिलं नाही.

दुकानात एकटी राहिल्यावर आर्डिथने कर्टिसला फोन लावला.

"मागणी जमली नाही," ती म्हणाली. "हा नमुना मीच विकत घेते."

"नमुने विकत नाही, मॅडम. ते परत कपाटात जातात. मलाही वाईट वाटतंय."

"कपाटात कोण वापरतं?"

"कोणी नाही, मॅडम."

तिने फोन ठेवला. रायफल घेऊन ती वर्कशॉपमधल्या आरशासमोर उभी राहिली. हार्लनची ही पद्धत. त्याच्या हातून घेतलेली कुठलीच रायफल मापल्याशिवाय दुकानाबाहेर जात नसे. गिऱ्हाइकाने डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. आरशात डोळा माशीच्या रेषेत दिसला तर ठीक, नाहीतर लाकूड कापायचं. माणसाने मान वाकडी करायची नाही. आर्डिथने डोळे मिटले, खांद्याला लावली, उघडले. दस्ता लांब होता. जाड कोटात तर तो काखेतच अडकणार.

हे आपण चुकून केलं असं तिला नंतर सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. तिने पेन्सिलीने रेघ मारली, दस्ता फडक्यात गुंडाळून शिकंज्यात आवळला आणि करवत घेतली. अक्रोडाचा भुसा तिच्या बोटांवर पडला. त्याला किंचित गोडसर वास असतो. हार्लनच्या सगळ्या शर्टांना तो यायचा. बोटभर जाडीचा तुकडा निघाला. तिने कापलेली कड घासली, तेल लावलं, मागची पट्टी पुन्हा बसवली. पुन्हा आरसा. डोळा माशीच्या रेषेत होता.

शनिवारी, हंगामाच्या पहिल्या पहाटे, ती खोपटातल्या सगळ्यांच्या आधी निघाली आणि बीचच्या बुंध्याला पाठ लावून बसली. नारिंगी जाकिटावर बर्फ साचून विरत होतं. खाली ओढ्याकाठी लॅमारचा कंदील क्षणभर वर वळला, तिची जागा भरलेली बघून पुन्हा खाली गेला.

उजाडल्यावर बऱ्याच वेळाने नर आला. मोठा, जाड मानेचा, एकेक पाऊल विचार करून टाकणारा. तिने नेम धरला, चाप ओढला. वाटेत लॉरेलच्या झुडपाची एक फांदी होती, ती तिला दिसली नव्हती. फांदी तुटून उडाली. हरणाने उडी मारली, आणि मग, हरणं कधीकधी करतात तसं, आवाज कुठून आला ते कळेना म्हणून जागीच थांबलं. आडवं. मोकळं. दुसरी गोळी सहज झाडता येईल इतका वेळ.

आर्डिथचा हात उठला, रायफलीच्या पाठीवरून पलीकडे गेला, आणि रिकाम्या हवेत मूठ शोधायला लागला.

दुकानामागच्या मैदानावर तिने सराव केला होता. तिथे हात नीट वागला होता. पण इथे बापाचं झाड होतं, समोर नर होता, आणि हाताला जे लहानपणी शिकवलं होतं तेच त्याने केलं. त्याने कुंपणापलीकडचं सफरचंद शोधलं, आणि तिथे झाडच नव्हतं. तिला कळलं तोवर हरणाने शेपूट वर केलं होतं. ते पांढरं शेपूट झाडीतून खाली, खाली, आणि मग दिसेनासं झालं.

ती मोठ्याने हसली. एकटीच. जंगलात हसू नये, पण आता काय बिघडणार होतं?

संध्याकाळी खोपटात तिने स्वतःच सगळं सांगितलं. व्हर्लचा चेहरा लग्नातल्या माणसासारखा फुलला. "शर्ट बाहेर काढ, आर्डी!" त्याने दुकानातून बरोबर आणलेली कात्री दोनदा हवेत उघडून मिटून पाहिली. कापताना मात्र फार जपून कापलं, एक बोटभरच.

"हवेत हात मारत होतीस?" लॅमारने विचारलं. "खरंच?"

"दोनदा."

"मग परवा परत त्याच जागी बसणार?"

"बसणार."

त्याने तिच्या मनगटाकडे पाहिलं. ती त्याच हाताने वाढत होती, जड भांडं धरून, आणि तिच्या स्वतःच्याही तेव्हाच लक्षात आलं की हात दुखत नाहीये. लॅमारने ताट पुढे केलं. "बस मग," तो म्हणाला. "आणि बटाटे थोडे जास्त वाढ. शर्टाचं दुःख आहे मला."

जानेवारीत कर्टिस नमुना न्यायला आला. आर्डिथने त्याच्यापुढे चीजचे तुकडे आणि हरणाच्या मांसाचं धुरी दिलेलं सॉसेज ठेवलं.

"मस्त आहे. कोणी मारलेलं?"

"मीच. दुसऱ्या शनिवारी. एक मादी. दोन गोळ्या लागल्या. पहिली जरा मागे बसली, दुसरी लगेच झाडली."

तिने रायफल काउंटरवर ठेवली. कर्टिसने ती उचलली, आणि त्याचे हात मधेच थांबले. त्याने दस्त्याच्या मागच्या कडेवरून बोट फिरवलं. कॉफीपाशी तिघांनीही माना वळवल्या.

"मॅडम... हे तुम्ही कापलंत?"

"आमच्याकडे मापल्याशिवाय रायफल बाहेर जात नाही."

"पण ही बाहेर जाणारच होती. म्हणजे कारखान्यात."

"म्हणून तर कापली."

त्याने कपाळाला हात लावला. मग तो भिंतीकडे वळला. विटलेल्या शेपटांच्या शेजारी चार नवी होती, त्यातलं एक फिक्या निळ्या चौकड्यांचं, आर्डिथचं. आणि त्याच्या बाजूला खिळ्यावर अक्रोडाचा बोटभर जाडीचा तुकडा. कर्टिसने तो हातात घेतला, उलटासुलटा केला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, ते त्याने दाबलं.

"कंपनी तुम्हाला पूर्ण किमतीचं बिल पाठवणार, मॅडम. असली रायफल आता कपाटात ठेवता येणार नाही. कोणालाच बसायची नाही ही."

"पाठवू दे," आर्डिथ म्हणाली. "मला बसते."